व्हायब्रेटरच्या खोक्यावरचं ‘आयपीएक्स’ वाचायचं कसं?

नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका, आकडा बघा. हे आकडे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत.

🔹 आयपीएक्स४: कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. बुडवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसा.
🔹 आयपीएक्स५, ६: पाण्याची धार सोसतं. नळाखाली धुता येतं.
🔹 आयपीएक्स७: १ मीटर पाण्यात ३० मिनिटं.
🔹 आयपीएक्स८: त्याहून कडक चाचणी, खोली आणि वेळ कंपनी सांगते.

‘एक्स’ म्हणजे धुळीसाठीचा आकडा दिलेला नाही.

गंमत म्हणजे ७ वालं ५ ची चाचणी पास असेलच असं नाही. बुडवणं वेगळं, जोरदार धार वेगळी.

चाचणी साध्या पाण्यात होते. साबण, कढत पाणी, समुद्र यांची हमी त्यात नाही. आणि चार्जिंगची जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय केबल लावू नका!