रुग्णालयाचे हिशेब कसे वाचावेत?

गेल्या वर्षीची सर्वसाधारण सभा आटोपल्यावर एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला बाजूला घेऊन विचारले, "उत्पन्न-खर्च पत्रकात तुम्ही वाढावा दाखविता, मग पुन्हा देणगीचे आवाहन कशासाठी?" त्याच आठवड्यात बिलाच्या खिडकीशी एका रुग्णाच्या चिरंजीवांनी नेमका उलट बाजूने प्रश्न केला होता, "रुग्णालय धर्मादाय म्हणता, मग डायलिसिसचे पैसे का घेता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोहोंची उत्तरे हिशेबातच आहेत. परंतु ती एकाच हिशेबात नाहीत, म्हणून कोषाध्यक्ष या नात्याने हा लेखनप्रपंच.

या अहवालाच्या शेवटी छापलेली पत्रके ही वित्तीय लेखांकनाची निष्पत्ती होय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) अन्वये आपल्यासारख्या न्यासाला हिशेब ठेवावे लागतात, लेखापरीक्षकांकडून तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. ताळेबंद अनुसूची ८ च्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची ९ च्या नमुन्यात. या पत्रकांचा वाचक संस्थेच्या बाहेरचा असतो : आयुक्त, आयकर खाते, बँक आणि अर्थातच देणगीदार. त्याला रुग्णालयात येऊन कपाटे उघडून पाहता येत नाहीत. म्हणून नमुना ठरलेला, वर्ष ठरलेले आणि प्रत्येक रकमेमागे प्रमाणक असण्याची सक्ती. आपण दिलेला रुपया कोठे गेला याचे उत्तर याहून विश्वासार्हपणे देणारे दुसरे साधन नाही.

मात्र त्यातील शब्द रोजच्या अर्थाने वाचू नयेत. वाढावा म्हणजे तिजोरीतील रोकड नव्हे. विमा कंपनीकडे किंवा शासकीय योजनेकडे पाठविलेले बिल ज्या दिवशी तयार होते, त्या दिवशी ते उत्पन्नात धरले जाते. पैसे काही महिन्यांनी येतात, आणि औषधविक्रेत्याचे देणे व कर्मचाऱ्यांचे वेतन तोवर थांबत नाही. देणगीदाराने कायम निधीसाठी म्हणून दिलेली रक्कम उत्पन्न-खर्च पत्रकात येतच नाही. ती ताळेबंदात न्यासाच्या निधीत जाते आणि सामान्यतः तिचे व्याजच वापरता येते. बालरुग्ण विभागासाठी दिलेले पैसे विजेच्या बिलाला लावता येत नाहीत, मग बँकेच्या खात्यात ते कितीही दिसोत. त्या ज्येष्ठ गृहस्थांना मी हेच सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटत नाही. पण पुढच्या वेळी त्यांनी वाढाव्याबरोबर येणे बाकीचा आकडा विचारला, हे मला फार आवडले.

आता डायलिसिस. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर ताळेबंदात शोधून सापडणार नाही. तेथे सर्व विभागांचे वेतन एका ओळीत, सर्व औषधे व साहित्य दुसऱ्या ओळीत. एका डायलिसिसला काय खर्च येतो हे समजण्यासाठी आतल्या आत, व्यवस्थापनाच्या उपयोगासाठी, वेगळा हिशेब मांडावा लागतो. यालाच व्यवस्थापकीय लेखांकन म्हणतात. त्याला कायद्याचा नमुना नाही आणि तो कोणाकडे सादरही करावा लागत नाही.

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण प्रश्न खरा आहे. सहा यंत्रांची खोली. महिन्याला ३०० डायलिसिस, म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारे सुमारे पस्तीस रुग्ण. प्रत्येक वेळी साधारण चार तास आणि शुद्ध केलेल्या पाण्यापासून बनविलेले सुमारे १२० लिटर द्रावण. डायलायझर, नळ्या, द्रावण, औषधे, पाणी व वीज धरून दर वेळचा बदलता खर्च ७०० रुपये. याशिवाय रुग्ण येवो न येवो, होणारा मासिक खर्च असा : तंत्रज्ञ व परिचारिकांचे वेतन १,२०,०००, यंत्रांच्या देखभालीचा करार ४०,०००, घसारा ६०,०००, आणि कार्यालय, इमारत, सुरक्षा इत्यादी सामायिक खर्चाचा वाटा १,४०,०००. एकूण ३,६०,०००. तो ३०० ने भागला की १,२०० रुपये. म्हणजे एका डायलिसिसचा सरासरी खर्च १,९०० आणि आपला दर १,५००. दर वेळी ४०० रुपयांचा तोटा, महिन्याला १,२०,००० ची तूट.

एवढे ऐकल्यावर कोणीही व्यवहारी मनुष्य म्हणेल की विभाग बंद करा. येथे हिशेबाचा खरा उपयोग सुरू होतो. विभाग बंद केला तर वेतन व देखभालीचे १,६०,००० वाचतील. पण घसारा आणि सामायिक खर्चाचा वाटा मिळून २,००,००० रुपये तसेच राहतील, फक्त ते दुसऱ्या विभागांच्या माथी बसतील. म्हणजे तूट १,२०,००० वरून २,००,००० होईल. तोट्यातील विभाग बंद करून तोटा वाढविण्याचा हा प्रकार! कारण प्रत्येक डायलिसिसमागे दर वजा बदलता खर्च असे ८०० रुपये सामायिक खर्चाला हातभार लावीत होते. याउलट तिसरी पाळी सुरू केली, तिच्यासाठी वेतनात ४०,००० वाढविले आणि संख्या ४५० वर नेली, तर तूट ४०,००० पर्यंत खाली येते आणि प्रतीक्षायादीतील सतरा-अठरा रुग्णांना जागा मिळते. शासकीय योजनेचा दर सरासरी खर्चाहून कमी असूनही ते रुग्ण घ्यावेत की नाहीत, याचेही उत्तर याच मांडणीतून मिळते.

रुग्णाच्या चिरंजीवांना दिलेले उत्तरही हेच होते : आपण भरता त्या रकमेत पूर्ण खर्च भागत नाही, उरलेला भाग न्यास सोसतो, परंतु बदलता खर्च तरी निघाला नाही, तर प्रत्येक नवा रुग्ण आधीच्या पस्तिसांची जागा धोक्यात आणील.

या हिशेबावरही आंधळा विश्वास ठेवू नये. सामायिक खर्चाचा १,४०,००० हा वाटा आला कोठून? खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. तोच कर्मचाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटला आणि ८०,००० आला, तर तूट एकदम निम्मी होऊन ६०,००० दिसेल. खोलीत काडीचाही बदल झालेला नसतो. हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट कॅप्लन व मायकेल पोर्टर यांनी २०११ मध्ये रुग्णालयांसाठी अधिक काटेकोर पद्धत मांडली : रुग्णासाठी कोणी किती मिनिटे दिली हे मोजावे आणि मिनिटाचा खर्च लावावा. तत्त्वतः उत्तम. पण रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाती घड्याळ व तक्ता देण्यापूर्वी, तेवढा वेळ ती कोणाजवळून काढून घेणार, हेही विचारले पाहिजे. अपघात विभागातील पहाटे तीन वाजता रिकामी असलेली खाट हिशेबाला वाया गेलेली क्षमता दिसते. ती रिकामी असणे हेच तिचे काम आहे.

सर्वांत अवघड आकडा धर्मादाय कार्याचाच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, आणि इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. या रुग्णांची बिले सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने आकारून निधीत खर्ची टाकली जातात. म्हणजे अहवालातील मोफत उपचारांचा आकडा हा दराचा आकडा आहे. प्रत्यक्ष झालेला खर्च त्याहून कमी किंवा अधिक असू शकतो. दर वाढविले की सेवा न वाढताही धर्मादाय कार्य वाढलेले दिसते! शिवाय मानद डॉक्टरांनी दिलेला वेळ त्यात कोठेच नाही, कारण त्याचे प्रमाणक बनत नाही.

आणि रुग्ण बरा झाला का? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत सर्व रुग्णालयांनी एकाच पद्धतीची सांख्यिकी ठेवावी असा आग्रह धरला होता; दिलेल्या पैशातून हित होते की अहित, हे वर्गणीदारांना कळावे हाही त्यामागील एक हेतू. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या अहवालात पैशाची पाने आणि उपचारांच्या परिणामांची पाने अद्याप एकमेकांशी बोलत नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

देणगीदारांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. देणगी म्हणून यंत्र मिळाले की ताळेबंदात मालमत्ता वाढते आणि छायाचित्रही छान येते. हमीची मुदत संपली की देखभालीचा करार, सुटे भाग, साहित्य आणि तंत्रज्ञाचे वेतन यांचा भार उत्पन्न-खर्च पत्रकावर पडतो आणि यंत्र असेपर्यंत राहतो. यंत्राबरोबर त्याच्या पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी काही रक्कम नेमून दिल्यास तो रुपया, माझ्या मते, यंत्राच्या रुपयापेक्षा अधिक काम करतो.

पुढील पाने वाचताना प्रथम अखेरच्या टीपा वाचाव्यात, नंतर येणे बाकी व विशिष्ट निधी पाहावेत आणि वाढाव्याच्या ओळीकडे सर्वांत शेवटी यावे. शंका असल्यास लेखा विभागात विचारावे; विभागवार खर्चाची पत्रके तेथे विश्वस्तांप्रमाणेच देणगीदारांनाही दाखविली जातील.