नोंद हरवते, प्रोग्रॅम नाही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

संगणकाच्या पडद्यावर खालच्या पट्टीत भिंगाचं चित्र असलेली एक चौकट असते. तिच्यात दोन-तीन अक्षरं टाइप केली की हवा तो प्रोग्रॅम समोर हजर होतो. या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की डेस्कटॉपवर चित्रांची रांगोळी मांडून ठेवणं बऱ्याच जणांनी सोडून दिलं आहे. आणि मग एखाद्या सकाळी ती चौकट चक्क कानावर हात ठेवते. कालपर्यंत रोज उघडत होता तो प्रोग्रॅम आज म्हणे सापडतच नाही! घरातलं कुणी म्हणतं व्हायरस आला, कुणी म्हणतं हार्ड डिस्क गेली. संगणक कोपऱ्यावरच्या दुकानात नेला, की 'फॉरमॅट मारावं लागेल' हे उत्तर बहुधा ठरलेलं.

मंडळी, फॉरमॅट मारू देण्याआधी थोडं थांबा. बहुतेक वेळा प्रोग्रॅम जागच्या जागी असतो. हरवलेली असते ती त्याची नोंद.

ही नोंद म्हणजे काय? ग्रंथालयात पूर्वी लाकडी कपाटात छोटे छोटे खण असत आणि त्यांत प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असे. पुस्तक हवं असेल तर आपण सगळी कपाटं धुंडाळत नव्हतो, कार्ड पाहत होतो. कार्ड कुणी चुकीच्या खणात घातलं, की पुस्तक फळीवर असूनही वाचकाच्या दृष्टीनं ते नाहीच. संगणकाचंही तसंच आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये शोध सुरू केला, की एक पिवळा कार्टून-कुत्रा शेपूट हलवत बसायचा, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हाचा नेहमीचा शोध खरोखरच फोल्डरमागून फोल्डर उघडून पाहायचा, त्यामुळे चहा पिऊन आलो तरी कुत्रा तिथंच! पुढे २००५ मध्ये अ‍ॅपलनं मॅकवर 'स्पॉटलाइट' आणलं आणि २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टानं 'स्टार्ट' मेनूतच शोधाची चौकट दिली. दोघांनीही कार्डांची युक्ती उचलली. संगणक रिकामा बसलेला असताना मागच्या मागे सगळ्या फायलींची आणि प्रोग्रॅमची सूची बनवून ठेवतो. तिलाच 'इंडेक्स' म्हणतात. आपण अक्षर दाबलं की तो सूची पाहतो, डिस्क नाही. म्हणून उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं. आणि सूची बिघडली की उत्तर येतच नाही.

प्रोग्रॅमच्या बाबतीत आणखी एक कडी आहे. विंडोजमध्ये 'स्टार्ट मेनू' नावाचे दोन फोल्डर असतात, एक संगणक वापरणाऱ्या सर्वांसाठी आणि एक तुमच्यापुरता. त्यांत प्रत्येक प्रोग्रॅमचा 'शॉर्टकट' ठेवलेला असतो. शॉर्टकट म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. शोधाला प्रोग्रॅम सापडतो तो प्रामुख्यानं या चिठ्ठीमुळे. चिठ्ठी गेली की प्रोग्रॅम धडधाकट असून बेपत्ता.

हे नुसतं पुस्तकी बोलणं नाही. शुक्रवार, १३ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टच्या 'डिफेंडर' या संरक्षक प्रणालीच्या एका अद्ययावत संचात चूक राहिली. त्यामुळे कंपन्या आणि कार्यालयांतल्या अनेक संगणकांवर तिनं स्टार्ट मेनूतल्या शॉर्टकटनाच धोकादायक समजून पुसून टाकलं. लोक कामावर आले तर वर्ड नाही, एक्सेल नाही, काही नाही. प्रत्यक्षात सगळे प्रोग्रॅम डिस्कवर सुखरूप होते. मायक्रोसॉफ्टला नंतर हे शॉर्टकट पुन्हा तयार करून देणारी छोटी आज्ञावली काढावी लागली. चोरावर पाळत ठेवायला बसवलेल्या पहारेकऱ्यानं घरावरची पाटीच उचकटून न्यावी, तसला हा प्रकार.

दुसरी घटना बुधवार, ५ फेब्रुवारी २०२०ची. त्या दिवशी जगभर विंडोज दहाच्या अनेक संगणकांवर शोधाची चौकट उघडली की नुसता काळा कोरा आयत दिसू लागला. आपल्याच संगणकातला कॅल्क्युलेटरही सापडेना. कारण कळलं तेव्हा मला तरी आश्चर्य वाटलं. ही चौकट मायक्रोसॉफ्टच्या 'बिंग' या इंटरनेट-शोधाशी जोडलेली आहे. तिकडच्या सर्व्हरची वाट अडली आणि इकडे घरातल्या घरात शोधणंही बंद पडलं. एका बाहेरच्या फायबर-जोडणीत खंड पडल्याचं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. काही तासांत सर्व्हर सुधारले, तरी कित्येकांना संगणक पुन्हा सुरू करावा लागला. स्वयंपाकघरातला डबा शोधायला बाजारातल्या दुकानदाराची परवानगी का लागावी, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता आपल्या घरच्या संगणकाकडे येऊ. पहिलं काम अगदी साधं. कळफलक कोणत्या भाषेत आहे ते पाहा. आपण मराठी माणसं एकाच संगणकावर देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही वापरतो, आणि मराठी पत्र लिहून झाल्यावर भाषा बदलायची राहून जाते. इनस्क्रिप्ट कळफलक चालू असताना 'पेंट' हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम शोधायला इंग्रजी कळा दाबल्या, तर चौकटीत उमटतं 'जोगलू'! हा जोगलू जगातल्या कुठल्याच संगणकात सापडायचा नाही. विंडोजची कळ दाबून धरा आणि स्पेसबार दाबा, भाषा बदलते. हसू येईल, पण शाळांत आणि पंचायत कार्यालयांत 'सर्च चालत नाही' या तक्रारीमागे मी हे कारण एकापेक्षा अधिक वेळा पाहिलं आहे.

दुसरं, आपण शोधतो ती वस्तू अजून आहे ना? वर्षानुवर्षं वापरलेलं 'वर्डपॅड' २०२४ मध्ये आलेल्या विंडोज अकराच्या २४एच२ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं काढूनच टाकलं. 'इंटरनेट एक्सप्लोरर' २०२२ मध्ये निवृत्त झाला. 'ऑफिस' नावाचं जे अ‍ॅप होतं त्याचं नाव आधी 'मायक्रोसॉफ्ट ३६५' झालं आणि जानेवारी २०२५ पासून त्याला 'कोपायलट' हे शेपूट जोडलं गेलं. माणसानं जुन्या नावानं हाक मारायची आणि यानं ओ द्यायची नाही, यात बिचाऱ्या शोधाचा काय दोष?

ही दोन्ही कारणं नसतील, तर नोंद कुठं तुटली ते शोधायचं. त्याची एक सोपी परीक्षा आहे. विंडोजची कळ धरून 'आर' दाबा. एक लहान खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत 'शेल', मग विसर्गासारखी दोन टिंबं, आणि लगेच 'अ‍ॅप्सफोल्डर' असं सलग टाइप करून एन्टर मारा. तुमच्या स्टार्ट मेनूला माहीत असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची चित्रं एका फोल्डरात दिसतील. हवा तो प्रोग्रॅम इथं दिसला, तर चिठ्ठी शाबूत आहे, बिघाड सूचीत आहे. शिवाय त्यावर उजवी टिचकी मारून डेस्कटॉपवर शॉर्टकट करून घेता येतो, म्हणजे तातडीचं काम अडत नाही. इथं नसेल, तर सेटिंग्जमधली बसवलेल्या अ‍ॅपची यादी पाहा. तिथं नाव आहे पण इथं चित्र नाही, याचा अर्थ बहुधा चिठ्ठी हरवली. 'सी' ड्राइव्हवरच्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये त्याचा फोल्डर शोधा, मूळ फाइलचा शॉर्टकट करा आणि तो स्टार्ट मेनूच्या फोल्डरात ठेवा. न बसवता नुसते पेनड्राइव्हवरून उतरवून घेतलेले प्रोग्रॅम शोधात का येत नाहीत, त्याचंही उत्तर हेच. त्यांची चिठ्ठी कुणी लिहिलेलीच नसते.

बिघाड सूचीत असेल तर आधी संगणक 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच, असं अनेकांना वाटतं. ते तसं नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनच्या वेळी विंडोज आपला गाभा झोपवून ठेवतं आणि सकाळी तोच उठवतं, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. रीस्टार्ट करायला सवड नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. उघडलेल्या टास्क मॅनेजरमध्ये विंडोज अकरात 'सर्चहोस्ट' आणि दहात 'सर्चअ‍ॅप' नावाची प्रक्रिया दिसेल, ती थांबवा. पुन्हा चौकट उघडली की ती आपोआप ताजीतवानी सुरू होते.

तरीही नाही? मग शोधाची सेवा चालू आहे का ते पाहायचं. त्याच लहान खिडकीत 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप करा. लांबलचक यादीत खाली 'विंडोज सर्च' असेल. ती बंद सापडली तर आश्चर्य मानू नका. 'संगणक वेगवान करण्याच्या दहा युक्त्या' छापाच्या चित्रफिती पाहून किंवा जुनी हार्ड डिस्क फार कुरकुरते म्हणून ती अनेकदा बंद केली जाते आणि मग कुणाच्या लक्षात राहत नाही. तिचा सुरू होण्याचा प्रकार 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' करा आणि ती सुरू करा.

शेवटी सूचीच नव्यानं बांधायची. कंट्रोल पॅनेलमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' उघडा. सूचीत कोणकोणते फोल्डर घेतले आहेत ते तिथं दिसतं. त्यात 'स्टार्ट मेनू' नसेल तर 'मॉडिफाय' दाबून त्यावर खूण करा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि तिथं 'रिबिल्ड'. हे बटण दाबताना लोकांचा हात थरथरतो. दाबा निर्धास्तपणे, यात तुमची एकही फाइल पुसली जात नाही. जुनी कार्डं फेकून नवी लिहिली जातात, पुस्तकांना हात लागत नाही. मात्र वेळ द्यावा लागतो. डिस्क जुनी आणि फायली पुष्कळ असतील तर काही तास लागतात, आणि तोवर शोध अर्धवट उत्तरं देतो. रात्री लावून ठेवावं हे बरं.

एवढ्या तपशिलात शिरायचं कारण सांगतो. माझ्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत. त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम एकदा शोधात येईना. जीएसटीचं विवरणपत्र भरायची तारीख तोंडावर आलेली. दुरुस्तीला आलेल्या मुलानं विंडोज खराब झाल्याचं सांगितलं आणि तासाभरात 'सी' ड्राइव्ह स्वच्छ करून नवं विंडोज टाकून दिलं. शोध उत्तम चालू लागला. पण हिशेबाच्या फायली त्याच 'सी' ड्राइव्हवर होत्या आणि शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीची. पुढचे दोन-अडीच महिने दुकानदार, त्यांची पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी दुकान बंद झाल्यावर रात्री बिलांच्या गठ्ठ्यांतून एकेक नोंद पुन्हा भरत होती. विवरणपत्र उशिरा गेलं, दंड भरला. वर सांगितलेली परीक्षा करायला पाच मिनिटं पुरली असती. त्या मुलावर मी एकट्यावर दोष ठेवत नाही. फॉरमॅटचे पैसे मिळतात, पाच मिनिटांच्या तपासणीचे कुणी देत नाही.

दुसरा धोका याहून वाईट. घरात प्रोग्रॅम सापडला नाही, की विंडोजची चौकट गप्प बसत नाही. ती इंटरनेटवरचे निकाल दाखवते. आपण घाईनं एन्टर मारतो, ब्राउझर उघडतो, आणि वर दिसणाऱ्या जाहिरातीतून 'पुन्हा डाउनलोड' करतो. हुबेहूब खऱ्यासारखी संकेतस्थळं उभारून, त्यांच्या जाहिराती देऊन लोकांच्या गळ्यात घातक प्रोग्रॅम मारणं हा आता मोठा धंदा झाला आहे. म्हणून शोधाच्या चौकटीतून कधीही काही उतरवून घेऊ नका. बँकेचा किंवा कराचा प्रोग्रॅम असेल तर नाहीच नाही. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा. युरोपात नव्या कायद्यामुळे २०२४ पासून विंडोजच्या शोधातून बिंगला बाहेर काढण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे त्यासाठी 'रजिस्ट्री'त हात घालावा लागतो, आणि तो माहीतगारानंच घालावा.

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२५च्या 'टाहो' आवृत्तीत अ‍ॅपलनं 'लाँचपॅड' काढून टाकलं, त्यामुळे स्पॉटलाइट रुसलं तर खोळंबा जास्त होतो. प्रोग्रॅम 'अ‍ॅप्लिकेशन्स' फोल्डरात आहे ना, की डाउनलोडमध्येच पडून आहे, ते पाहा. मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्पॉटलाइट उघडा. शोधात कोणते प्रकार यावेत त्याची यादी असते, तिच्यात अ‍ॅपची खूण असल्याची खात्री करा. त्याच पानावर शोधातून काय वगळायचं ते सांगायची 'सर्च प्रायव्हसी'ची सोय आहे. तिथं आपली डिस्क आधी घाला आणि मग काढून टाका. मॅक तिची सूची पहिल्यापासून बांधायला घेतो.

आणि विंडोजवर हे सगळं करूनही यश आलं नाही तर? नवीन वापरकर्ता-खातं उघडून तिथं शोध चालतो का पाहा. तिथं चालला तर बिघाड तुमच्या खात्यापुरता आहे. फायली नव्या खात्यात हलवून काम भागतं. तिथंही चालला नाही, तर विंडोज अकराच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'रिकव्हरी'मध्ये जा. तिथं विंडोज अपडेटच्या मदतीनं सध्याचीच आवृत्ती पुन्हा बसवायची सोय मिळते. तिच्यात तुमचे प्रोग्रॅम, फायली आणि सेटिंग्ज जशाच्या तशा राहतात. तरीही सुरू करण्यापूर्वी हिशेब, फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून उघडून बघा.