पोलीस भरतीची धाव : दुसऱ्याचे वेळापत्रक तुमच्या पायांना चालेल का?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली पहाटे पाचला मैदान गाठतात. कोणी अकॅडमीची फी भरतो, कोणी यूट्यूबवरचा 'एकवीस दिवसांत सोळाशे मीटर' असा व्हिडिओ पाहतो, तर कोणी गेल्या वर्षी भरती झालेल्या मित्राचे वेळापत्रक वहीत उतरवून घेतो. महिनाभराने यातली काही मुले नडगी धरून घरी बसलेली दिसतात. त्यांची मेहनत कमी नव्हती, वेळापत्रक चुकीचे होते. म्हणून धावण्याचा सराव कसा निवडावा, हे नीट समजून घेऊ.

आधी गुणांचा हिशेब

पोलीस शिपाई पदासाठी अलीकडच्या भरत्यांमध्ये मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची राहिली आहे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५. पूर्ण २० गुण हवे असतील तर मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर संपवावे लागते. वेळ वाढेल तसे टप्प्याटप्प्याने गुण कमी होतात. आपल्या जाहिरातीतला तक्ता स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर राहू नका.

या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते. सगळा जीव लांब धावेवर काढणारा उमेदवार गोळाफेकीचे गुण सोडून देतो. गोळ्याचे तंत्र आठवड्यातून दोन दिवस शिकले तर कमी थकव्यात गुण वाढू शकतात. म्हणून वेळापत्रक पूर्ण ५० गुणांसाठी आहे की नाही, ते आधी पाहा.

आज तुम्ही कुठे आहात?

वेळापत्रक निवडण्याआधी एकदा चाचणी घ्या. ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर १६०० म्हणजे चार फेऱ्या. ट्रॅक नसेल तर सपाट रस्ता किंवा शाळेचे मैदान टेपने मोजून घ्या. मोबाइलमधले अॅप लहान मैदानावर अंतर चुकवते. दोन दिवस हलका सराव करा, मग शरीर गरम करून पूर्ण अंतर धावा आणि प्रत्येक फेरीची वेळ मित्राला लिहायला सांगा.

समजा तुमची वेळ ६ मिनिटे ४० सेकंद आली. म्हणजे एका फेरीला सरासरी १०० सेकंद. ५ मिनिटे १० सेकंदांसाठी एक फेरी साधारण साडेसत्याहत्तर सेकंदांत हवी. अकॅडमीतल्या जुन्या मुलांबरोबर पहिल्याच दिवशी तुम्ही ७७ सेकंदांची फेरी मारायला गेलात, तर दुसऱ्या फेरीत दम तुटणार आणि उरलेला सराव रडतखडत होणार. तुमचे पहिले लक्ष्य ६ मिनिटांचे, म्हणजे ९० सेकंदांच्या फेरीचे असायला हवे. ते गाठले की पुढचे.

मोठा आजार झाला असेल, धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा घरात कोणाचा लहान वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर चाचणीच्या आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते.

हळू धावण्याचा सराव कशासाठी?

अनेकांना वाटते, १६०० मीटर ही वेगाची शर्यत आहे, मग हळू धावून काय उपयोग? पण पाच-सहा मिनिटांच्या धावेत लागणारी बहुतेक ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. ही क्षमता आरामात, बोलता बोलता धावण्याच्या सरावाने वाढते. त्यावर आठवड्यातून एक-दोन दिवस वेगाचा सराव चढवायचा असतो. रोज जीव तोडून धावणारा हळूही धावत नाही आणि खऱ्या वेगानेही नाही, तो फक्त थकतो.

दुसरी गोष्ट हाडांची. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायूबंध मजबूत व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. छाती 'अजून धाव' म्हणते आणि नडगी आतून कुरकुरत असते. आधी कधी न धावलेल्या मुलाला 'रोज दहा किलोमीटर' सांगणारे वेळापत्रक इथेच धोक्याचे ठरते. नडगीवर बोट ठेवल्यावर एकाच जागी तीव्र दुखत असेल तर धावणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ती हाडाला बारीक चीर पडत असल्याची खूण असू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे दुखणे झाकून वाढवणे.

कोणासाठी कोणते वेळापत्रक?

*अजून सलग १६०० मीटर धावता येत नसेल :* पहिले चार आठवडे चालणे आणि धावणे आलटून पालटून. दोन मिनिटे धावा, दोन मिनिटे चाला, असे अर्धा तास, एक दिवसाआड. वेगाचा विचारही नको.

*मुलांची वेळ ६ ते साडेसात मिनिटांत असेल :* बारा आठवड्यांचे वेळापत्रक घ्या. साधारण आठवडा असा :

सोमवार – पूर्ण विश्रांती.
मंगळवार – २०० मीटरच्या आठ धावा लक्ष्याच्या वेगाने, दोन धावांमध्ये २०० मीटर चालणे. ६ मिनिटांचे लक्ष्य असेल तर प्रत्येक २०० मीटर ४५ सेकंदांत.
बुधवार – अर्धा तास हळू धाव, गोळ्याचे तंत्र.
गुरुवार – बैठका, लंजेस, पोटऱ्यांचे व्यायाम, प्लँक.
शुक्रवार – ४०० मीटरच्या चार धावा, मध्ये तीन मिनिटे विश्रांती.
शनिवार – १०० मीटरची सुरुवात, ५०-६० मीटरच्या पाच धावा, गोळा.
रविवार – पाऊण तास अगदी आरामात.

दर चौथ्या आठवड्यात सराव कमी करा आणि शेवटी पुन्हा चाचणी घ्या. वेळ सुधारली तर वेग वाढवा. दोन चाचण्यांत सुधारली नाही तर झोप, जेवण आणि विश्रांती तपासा.

*वेळ ६ मिनिटांच्या आत असेल :* आठवड्यातले वेगाचे दोन दिवस काटेकोरपणे पाळा, बाकी दिवस खरोखर हलके ठेवा.

मुलींनी हाच आराखडा ८०० मीटरसाठी वापरावा. २ मिनिटे ५० सेकंदांचे लक्ष्य म्हणजे एक फेरी ८५ सेकंदांत. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो. सराव करूनही दम लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. पाळी थांबली तर शरीराला सरावाच्या मानाने अन्न कमी पडत असण्याची शक्यता असते. त्याकडे दुर्लक्ष करू नका.

भरतीला चारच आठवडे उरले असतील तर बारा आठवड्यांचे वेळापत्रक चार आठवड्यांत कोंबू नका. जेवढी तयारी आहे ती टिकवा, सुरुवातीचा वेग आवरायला शिका आणि शेवटचे आठ-दहा दिवस सराव निम्म्यावर आणा.

जिवापेक्षा गुण मोठे नाहीत

जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत उन्हातान्हात पाच किलोमीटर धावताना काही तरुणांचा जीव गेला. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावेदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. ही मुले गरीब घरांतली होती, एका नोकरीसाठी धावत होती. भरती घेणाऱ्या यंत्रणेने सावली, पाणी, डॉक्टर आणि सकाळची वेळ दिली पाहिजे, हा आपला हक्क आहे आणि कार्यकर्त्यांनी तो मागितला पाहिजे.

पण आपल्या हातातले आपण करू. उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. भरती उन्हाळ्यात असेल तर सरावाची वेळ हळूहळू पुढे सरकवा. ताप किंवा जुलाब असताना धावू नका. उपाशीपोटी रात्रभर प्रवास करून थेट मैदानावर उतरू नका. उत्तेजक इंजेक्शन किंवा पावडर कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. त्यात नोकरी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात. धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. पाणी ओतायला रुग्णवाहिकेची वाट पाहू नका.

सोणाची गोष्ट

विनयपिटकात सोण कोळिविस यांची कथा आहे. सुखात वाढलेला हा तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटून रक्त वाहू लागले. एवढे करूनही मन मुक्त होईना, तेव्हा त्याला घरी परतावेसे वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला विचारले, की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? आणि फार सैल सोडल्या तर? सोणाला उमगले, की प्रयत्नही बेताचा हवा.

याच प्रसंगी बुद्धांनी त्याला एकपदरी पादत्राणे वापरण्याची मुभा दिली. सोण म्हणाला, संघाला परवानगी असेल तरच मी वापरीन. मग ती मुभा सगळ्या भिक्खूंना मिळाली.

कार्यकर्त्यांनी ही दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी. जयंतीच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढले तर वस्तीतल्या दहा मुला-मुलींसाठी एक मोजपट्टी, एक स्टॉपवॉच, मुलांचा आणि मुलींचा एकेक गोळा आणि गरजूंना चांगले बूट घेता येतात. भरती झालेल्या एखाद्या दादाने किंवा ताईने रविवारी येऊन वेळा लिहून घ्याव्यात. प्रत्येकाच्या वहीत त्याची स्वतःची वेळ आणि त्यावर बेतलेले स्वतःचे वेळापत्रक असले, तर भरतीच्या दिवशी तो न दुखावलेल्या पायांनी मैदानात उतरेल. पहिली चाचणी येत्या रविवारीच घ्या.