जायफळाच्या बेटावर आठ दिवस

वाचक मंडळी, सुगी आटोपली की एखाद्या सोबत्याला घेऊन आठ दिवस कुठे तरी लांब जावे, असे तुमच्याही मनात येत असेल. पण गुरांचे वैरणपाणी कोण बघणार, इथेच बेत अडतो. म्हणून आज मनानेच जाऊ. पाठीवर एक पिशवी, बरोबर जिवाभावाचा मित्र, आणि मुक्काम कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा बेटावर.

हा देश अवघा ३४४ चौरस किलोमीटरचा. इंग्रजांच्या अमलातून तो १९७४ साली मोकळा झाला. त्याच्या झेंड्यावर जायफळाचे चित्र आहे. ज्या देशाने आपले पीक झेंड्यावर मिरवले, तिथे शेतकऱ्याला परके कसे वाटेल?

पहिले दोन दिवस काहीच करू नका. ग्रँड आन्सच्या पांढऱ्या वाळूवर झाडाच्या सावलीत पाठ टेका. वाटले तर पाण्यात डुंबा. घड्याळ पिशवीतच राहू द्या. जेवायला तिथला आवडता पदार्थ मागवा. विलायती फणस, अळूची पाने आणि खारवलेले मांस हळद घालून नारळाच्या रसात शिजवतात. रस्त्यावर रस्सा भरलेली पोळीही मिळते. तिला तिथे ‘रोटी’च म्हणतात! १ मे १८५७ रोजी हिंदुस्थानातून मजुरांचे पहिले जहाज इथे लागले. मळ्यांवर राबायला आलेल्या त्या माणसांची ही खूण.

तिसऱ्या दिवशी तुमचे पाय वळवळू लागतील. मग लहान बसने ग्वाव्ह गावी जा. उतरायचे असले की बसच्या पत्र्यावर टकटक करायची, बस थांबते. इथे जायफळाचे मोठे केंद्र आहे. बागाईतदारांनी १९४७ साली आपली सहकारी संस्था उभारली. माल घातला की आधी उचल आणि विक्रीनंतर बोनस, ही रीत आपल्या साखर कारखान्याची आठवण करून देईल. जायफळे पाण्यात टाकून पारखतात. भरीव असेल ते बुडते, पोकळ तरंगते.

पण मंडळी, या निवांत बेटाने काय सोसले तेही ऐका. ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन नावाचे वादळ आले आणि जायफळाची दहांतली नऊ झाडे गेली. आजोबांनी लावलेली झाडे नातवाच्या डोळ्यांदेखत आडवी झाली. सोयाबीन गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. जायफळाचे बियाचे रोप फळाला यायला सहा ते आठ वर्षे लागतात. फुलोरा येईपर्यंत झाड नर की मादी हेही कळत नाही, आणि नराला फळ नाही! कोकणात नारळीच्या बागेत जायफळ लावणाऱ्यांना ही धाकधूक ठाऊक आहे. म्हणून तर ते मादी झाडाचे कलम लावतात.

मग तिथल्या शेतकऱ्याने काय केले? पुष्कळांनी कोको लावला. तो तीन-चार वर्षांत शेंग देतो. सोबतीने जायफळही पुन्हा लावले. आज तुम्ही बेलमाँटच्या मळ्यावर गेलात, तर वाळत घातलेल्या कोकोच्या बियांतून पाय ओढत चालणारी माणसे दिसतील. बिया सारख्या वाळाव्यात म्हणून त्या अशा पायाने परततात. पुढे १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने याच देशातले कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केले. तिथेही माणसे पुन्हा उभी राहू लागली.

शेवटच्या संध्याकाळी मित्राशेजारी वाळूवर बसाल तेव्हा तुमच्या बोलण्यात समुद्र कमी आणि बांध जास्त असेल. एकाच झाडावर सगळा संसार टांगू नये, आणि मोडला तरी नव्याने लावायला लाजू नये, एवढी शिदोरी घरी आणा. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचे दिवस असतात, म्हणून खरोखरच जाणार असाल तर जानेवारी ते मे या महिन्यांत जा. तोवर आपल्या बांधावरच्या आंब्याखाली मित्राला बोलवा आणि घटकाभर बसा. तेवढ्याने गुरे काही उपाशी राहत नाहीत.