अस्तर मूर्तीवर, वाफ घरात



नोव्हेंबर लागला की आपल्या वस्तीच्या गल्लीत एक वास पसरतो. गोडसर, नाकात बसणारा, थिनरसारखा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांचे आणि मूर्तींचे स्टॉल लागतात. त्याआधी धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन गेलेला असतो, पुढे १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा येते. बाबासाहेबांचे वीतभर पुतळे, ध्यानस्थ बुद्धाच्या छोट्या मूर्ती, चैत्यभूमीच्या आणि सांचीच्या स्तूपाच्या प्रतिकृती असा बराच माल आपल्यासारख्या वस्त्यांमधून तयार होतो. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती डझनाच्या भावाने घरी येते, अस्तर आणि रंग लागून परत जाते. हा लेख त्यातल्या फक्त एका कामाबद्दल आहे. स्प्रेच्या डब्याने अस्तर मारण्याबद्दल.

गेल्या हंगामात विहारातल्या आरोग्य तपासणीला एक आई एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "सिस्टर, ह्याचं डोकं रोज रात्री ठणकतं. मळमळतं, जेवण जात नाही. चालताना झोक जातो." मग आवाज खाली करून म्हणाली, "लोक म्हणतात, पोरगं प्यायला लागलंय. पण मी तोंड हुंगून बघितलं, दारूचा वास नाही."

मुलगा दोनदा दवाखान्यात जाऊन आला होता. दोन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. काम काय करतोस, हे कोणी विचारले नव्हते. मी त्यांना नावे ठेवत नाही. वॉर्डात असताना मीही केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' एवढेच लिहून पुढच्या पेशंटकडे वळत असे. मजुरी कसली, कोणत्या खोलीत, कोणत्या रसायनाजवळ, हे विचारायला मी फार उशिरा शिकले.

मी त्याला विचारले, "सुट्टीच्या दिवशी डोकं दुखतं का?"

तो जरा आठवून म्हणाला, "नाही. मधे चार दिवस गावाला गेलो होतो, तेव्हा एकदम बरा होतो."

हा प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा. काम बंद असताना बरे वाटते आणि काम सुरू झाले की त्रास होतो, असे असेल तर आधी कामाकडे बघायचे. त्याच्या घरी गेले तेव्हा सगळे कळले. दहा बाय दहाची खोली, वर माळा. माळ्यावर बसून तो रात्री मूर्तींना स्प्रे मारायचा. दार-खिडकी बंद, कारण ओल्या रंगावर धूळ बसते आणि शेजारी वासाची तक्रार करतात. खाली कोपऱ्यात गॅसची शेगडी. आणि जमिनीवर गोधडीत बहिणीचे सात महिन्यांचे बाळ झोपलेले.

अस्तर कशासाठी?

अस्तर, म्हणजे प्रायमर, हा रंगाच्या आधीचा हात. प्लास्टरची मूर्ती पाणी शोषते, त्यामुळे थेट रंग मारला तर तो कुठे फिका, कुठे गडद दिसतो. रेझिन किंवा प्लास्टिकच्या गुळगुळीत मूर्तीवर रंग धरत नाही, नखाने खरवडला तरी निघतो. अस्तराने पृष्ठभाग सारखा होतो आणि वरचा रंग पकडून राहतो. मूर्ती छोटी असेल तर अस्तर पातळच हवे. जाड बसले की चष्म्याची काडी, कोटाचे बटण, बुद्धाचे कुरळे केस बुजून जातात. स्प्रेने पातळ आणि भराभर काम होते, म्हणून तो आवडतो. त्यात चूक काही नाही. चूक आहे ती जागेत.

डब्यात काय असते?

डब्यात रंगाची भुकटी आणि तिला चिकटवणारे रेझिन असते. ते पातळ करायला टोल्युईन, झायलीन, अ‍ॅसिटोन यांसारखी द्रावणे असतात. आणि हे सगळे बाहेर ढकलायला दाबाखाली भरलेला वायू असतो. बऱ्याच डब्यांत हा वायू म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, म्हणजेच आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ. फरक एवढाच, की सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास मिसळतात. डब्यातल्या वायूत तो मिसळत नाहीत.

हा वायू आणि ही वाफ दोन्ही हवेपेक्षा जड. वर जात नाहीत, खाली उतरतात आणि जमिनीलगत साचतात. म्हणजे स्प्रे मारणारा माळ्यावर असला तरी वाफ येते ती खाली गोधडीवर आणि शेगडीकडे. शेगडी, दिवा, मेणबत्ती, अगरबत्ती, मच्छरची कॉइल, फ्रिजच्या आतल्या बटणाची ठिणगी, यातले काहीही भडका उडवायला पुरेसे असते.

शरीरात काय होते?

ही वाफ फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, डोळे चुरचुरतात. जास्त झाली की माणूस प्यायल्यासारखा वागतो, बोलणे अडखळते, चिडचिड होते. त्या मुलावर दारूचा आळ आला तो यामुळेच. महिनेन् महिने असेच चालू राहिले तर झोप बिघडते, विसरायला होते, लक्ष लागत नाही.

द्रावणे उडून गेल्यावरही हवेत रंगाचे बारीक कण तरंगत राहतात. ते श्वासनलिकेत जाऊन खोकला आणि दम लावतात. घरात कोणाला दमा असेल तर त्याचा त्रास वाढतो. दोन भाग मिसळून वापरायचे, हार्डनरवाले रंग आणखी वाईट. त्यांतल्या अनेकांत आयसोसायनेट असते आणि त्याने धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. असे रंग घरात आणूच नका.

लहान मुले वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतात आणि जमिनीजवळ असतात, म्हणून त्यांना वाफ जास्त मिळते. गरोदर बाईने या वाफेपासून पूर्ण लांब राहावे.

शिशाचेही सांगायला हवे. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कारखान्यात वापरायच्या रंगांना मात्र तो नियम नाही. म्हणून बिनलेबलचा, सुट्टा भरून दिलेला रंग घेऊ नका. लेबलवर शिसे नसल्याचा उल्लेख बघा. जुन्या मूर्तीला पुन्हा रंग द्यायचा असेल तर जुना थर कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. पाणी लावून घासा, लगदा ओल्या कपड्याने पुसा आणि पोरांना तिथून लांब ठेवा. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि त्याचे सुरक्षित प्रमाण असे काही नसते.

रुमाल, गूळ आणि केळी

तोंडाला ओला रुमाल बांधला की झाले, असे बरेच जण समजतात. रुमाल वाफ अडवत नाही. कोविडच्या वेळचा एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ नाही. त्यातून वास येतो याचा अर्थ वाफ आत येतेच आहे. वाफेसाठी रबरी, नाक-तोंड घट्ट झाकणारा, दोन बाजूंना कोळशाच्या गोल डब्या असलेला मास्क लागतो. सेंद्रिय वाफांसाठी असे त्यावर लिहिलेले असते, आणि कणांसाठी पुढे जाळीही लागते. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. वापरून झाल्यावर हवाबंद पिशवीत ठेवायचा. मास्क लावूनही वास यायला लागला की डब्या बदलायच्या.

आणि गूळ, दूध, केळी. कामावरून आल्यावर गूळ खाल्ला की छाती साफ होते, असे आपल्या वडिलांनीही ऐकले होते. गूळ जरूर खा, पण छातीत गेलेली वाफ त्याने बाहेर येत नाही.

स्प्रे लागतोच का?

बहुतेक वेळा नाही. भिंतीला लावतात तो पाण्याचा पांढरा प्रायमर रंगाच्या दुकानात मिळतो. प्लास्टरच्या मूर्तीला, पुठ्ठ्याला, लाकडाला तो चालतो. पाणी घालून दुधासारखा पातळ करा आणि मऊ ब्रशने दोन पातळ हात द्या. पहिला हात वाळल्यावरच दुसरा. कोपऱ्यात साचलेला कोरड्या ब्रशने उचलून घ्या. पाण्यात कालवलेला पांढरा फेविकॉल लावूनही प्लास्टरचे शोषण कमी होते. रेझिन-प्लास्टिकसाठी अ‍ॅक्रिलिकचा पाण्याचा प्रायमर घ्या. त्याआधी मूर्ती साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, कारण साच्याला लावलेला तेलकटपणा राहिला तर कोणतेच अस्तर धरत नाही.

शाळेच्या प्रकल्पासाठी थर्माकोलचा स्तूप करणाऱ्या मुलांनाही एक सांगते. थर्माकोलवर स्प्रे मारला की तो विरघळतो, खड्डे पडतात. रात्रभराची मेहनत वाया जाते आणि वाफही पोटभर मिळते. तिथे पाण्याचाच रंग.

स्प्रे मारायचाच असेल तर

घरात, माळ्यावर, जिन्यात, बंद गॅलरीत नाही. फक्त उघड्यावर. आजूबाजूला शेगडी, विडी-सिगारेट, दिवा नको.

एक बाजू उघडे असलेले मोठे खोके आडवे ठेवा आणि मूर्ती त्यात ठेवा, म्हणजे उडालेला रंग खोक्यातच राहतो. वारा तोंडावर येऊ देऊ नका, बाजूने वाहील असे उभे राहा. मूर्ती हातात धरू नका, बाटलीच्या बुचावर चिकटवून बुच धरा. आतली गोळी खडखडायला लागल्यावरही डबा मिनिट-दोन मिनिटे हलवा. अंतर एक वीत ते एक फूट. जवळून मारले तर रंग ओघळतो, फार लांबून मारले तर तो हवेतच सुकतो आणि मूर्ती खरखरीत होते. स्प्रे मूर्तीच्या बाहेर सुरू करून तिच्यावरून न्यायचा आणि पलीकडे बंद करायचा. एका दमात झाकायचा हट्ट नको. दोन-तीन पातळ हात, मध्ये १०-१५ मिनिटे. पावसाळी, दमट दिवशी अस्तर नीट बसत नाही, त्या दिवशी काम पुढे ढकला.

ओली मूर्ती लगेच घरात आणू नका. वाळतानाही वाफ निघत असते. वास पूर्ण गेल्यावरच आत. हाताचा रंग थिनरने काढू नका, ते कातडीतून आत जाते. खाण्याचे तेल चोळा, मग साबण. डबे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. मजा म्हणून हुंगताना हृदय अचानक बंद पडल्याने मुले दगावली आहेत. रिकामा डबासुद्धा उन्हात, चुलीत किंवा शेकोटीत टाकायचा नाही, खिळ्याने फोडायचा नाही. भंगार वेचणाऱ्या आपल्याच पोरांच्या तोंडावर तो फुटतो.

एकट्याने जमत नाही

तुम्ही म्हणाल, सिस्टर, उघड्यावर जा म्हणणे सोपे, पण जागा कुठे? खरे आहे. त्या मुलाच्या आईनेही हेच विचारले. मग आम्ही मंडळाशी बोललो. विहारामागे जी मोकळी पट्टी आहे, ती सकाळचे दोन तास स्प्रेच्या कामासाठी ठरली. त्या वेळेत पोरांना तिकडे यायला बंदी. पाच घरांनी पैसे जमवून प्रत्येक काम करणाऱ्यासाठी आपापला मास्क आणला.

मग बायका मालवाल्याकडे गेल्या. म्हणणे एवढेच, की प्लास्टरच्या मूर्तींना ब्रशचे अस्तर चालवून घ्या, त्याला वेळ लागतो म्हणून डझनामागे दर वाढवा आणि प्रायमर तुम्ही द्या. पाण्याचा प्रायमर द्यायला तो तयार झाला. दर वाढवला नाही. त्यामुळे दोन घरे अजूनही रात्री आतच स्प्रे मारतात, कारण त्यांना डझनाचा आकडा गाठायचा असतो. मी त्यांना दोष देत नाही. पण दराचे बोलणे सोडलेले नाही. यंदा ते एकेकट्याने न करता पंधरा घरांनी मिळून करायचे ठरले आहे.

तो मुलगा आता बरा आहे. डोके दुखणे आठवड्यात थांबले, गोळीशिवाय. माळ्यावर पुन्हा झोपायची जागा झाली आहे. त्याच्या आईला मी एकच काम दिले होते, लोकांना सांगा की पोरगा पीत नव्हता. तिने ते गल्लीभर सांगितले.

तातडीच्या वेळी

कोणी वाफेने चक्कर येऊन पडले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा. आत जाण्याआधी दार-खिडक्या उघडा, विजेचे बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, चोळू नका.

लहान मुलाने थिनर किंवा रंग प्यायला तर उलटी करायला लावू नका. उलटीतून ते फुप्फुसात जाते. मुलाला लगेच रुग्णालयात न्या, डबा सोबत घ्या.

आणि दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगा, "मी घरी स्प्रेचं काम करतो."