इंजिन नवं केलं, मग ही टकटक कसली?

घरात आजोबांची साठच्या दशकातली अ‍ॅम्बेसेडर आहे. वर्षानुवर्षं ती कव्हरखाली झाकून होती, शेवटी तुम्ही हौसेने तिच्या इंजिनाचं पूर्ण काम करून घेतलंत. बोअर झालं, नवे पिस्टन आले, बेअरिंग बदलली, नवा कॅमशाफ्ट बसला. बिल बघून घरात दोन दिवस अबोलाही झाला. आणि आता पहिल्यांदा स्टार्टर मारल्यावर बॉनेटखालून शिलाई मशीन चालवल्यासारखा आवाज येतोय. टक, टक, टक, टक.

अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘मिस्त्रीने फसवलं, पुन्हा सगळं उघडा.’ दुसरा म्हणतो, ‘नवं काम आहे, चालवा, बसेल आपोआप.’ माझ्या मते दोघंही घाई करतायत. पहिल्याच्या मागे लागलात तर विनाकारण खर्च होईल. दुसऱ्याचं ऐकलंत तर कदाचित नवा कॅमशाफ्ट काही तासांतच खराब होईल.

आधी हे इंजिन काय आहे ते बघू. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्स २०१४ पर्यंत अ‍ॅम्बेसेडर बनवत होती. गाडीचा मूळ साचा ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही तिकडचंच. त्याच घराण्यातलं इंजिन एमजीए या स्पोर्ट्स कारलाही होतं. यात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये असतो. तो टॅपेटला उचलतो, टॅपेट लांब पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड वरचा रॉकर हलवतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवलेली असते. गॅरेजच्या भाषेत ‘पंधरा थाऊ’. गरम झाल्यावर धातू फुगतो, त्याला जागा हवी म्हणून. त्यामुळे या इंजिनाची थोडी टिकटिक हा दोष नाही. तिचा आवाज वाढला, किंवा एकाच जागेवरून ठळक येऊ लागला, तर शोध घ्यायचा.

आधी कान, मग पाना

सर्वांत आधी ऑइल प्रेशर बघा. प्रेशर नसेल तर इंजिन तत्काळ बंद, पुढचं सगळं नंतर.

प्रेशर ठीक आहे? मग ताल ऐका. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालत असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा वाजेल, म्हणजे सेकंदाला सहा-सात टिका. आवाज वरून, हलका आणि धातूचा असेल तर संशय टॅपेटवर. खालून येणारा, जड, ‘ठक ठक’ असा आणि लोड पडल्यावर वाढणारा आवाज मात्र बेअरिंगचा असू शकतो. तो ऐकल्यावर गाडी ‘जरा फिरवून बघू’ म्हणून बाहेर काढू नका.

अजून एक खूण आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, ती नीट अर्थ करा आणि पुन्हा सुरू करा. त्या सिलिंडरचं बेअरिंग किंवा पिस्टन वाजत असेल तर आवाज स्पष्ट कमी होतो. टॅपेटला काही फरक पडत नाही, तो वाजतच राहतो. चालू इंजिनाच्या वायरला हात लावू नका, झटका जोरदार बसतो.

फसवणारे आवाजही असतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट नीट बसलं नसेल तर हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते आणि इंजिन तापल्यावर कमी होते. कॅमशाफ्टवर चालणारा पेट्रोल पंपही टिकटिकतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका जागी टेकवून मुठीला कान लावा, हा गरिबाचा स्टेथोस्कोप आजही उत्तम चालतो. फक्त केस, ओढणी, बाह्या पंख्यापासून दूर ठेवा.

पंधरा थाऊची गंमत

टॅपेट सेट करायला नऊचा नियम लक्षात ठेवा. या इंजिनात आठ व्हॉल्व्ह असतात. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट मोजायची, तिसरा दाबला गेला की सहाव्याची. प्रत्येक वेळी बेरीज नऊ.

आता खरी मेख. मिस्त्री शपथेवर सांगतो, ‘पंधरा थाऊच ठेवलंय,’ आणि तरीही आवाज येतो. तो खोटं बोलत नसेल! रिबिल्डमध्ये बहुतेक वेळा जुनेच रॉकर परत बसवतात. जिथे रॉकर व्हॉल्व्हवर टेकतो तिथे वर्षांच्या घासण्याने खड्डा पडलेला असतो. फिलर गेजची सपाट पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी बसते. पट्टी पंधरा सांगते, प्रत्यक्ष फट त्याहून बरीच जास्त असते. बोटाने चाचपून बघा, खड्डा लागतो. उपाय म्हणजे रॉकर बदलणं किंवा नीट घासून घेणं. रॉकर शाफ्ट काढणार असाल तर त्याचे काही नट हेडही धरून ठेवतात, त्यामुळे आधी रेडिएटरचं पाणी काढा आणि हेडचे सगळे नट क्रमाने, थोडे-थोडे सैल करा.

रॉकरपर्यंत तेल पोहोचतंय का, तेही बघा. शाफ्टची भोकं चुकीच्या बाजूला आली किंवा गॅस्केटने वाट अडवली तर खाली प्रेशर उत्तम आणि वर कोरडं, असा प्रकार होतो.

आणि आता ज्याची खरी भीती बाळगायची ते. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच बसवू नयेत. जुना टॅपेट जुन्या कॅमच्या मापाने घासलेला असतो. नवा कॅम पहिल्यांदा सुरू झाल्यावर सुमारे २० मिनिटं मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास चालवतात, आयडलवर सोडत नाहीत. कारण कमी वेगात कॅमवर तेल कमी उडतं. तेलही जस्त-फॉस्फरसचं संयुग पुरेसं असलेलं हवं. आजच्या गाड्यांच्या बऱ्याच तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी ठेवतात.

हे चुकलंय का, ते कळायला सोपी खूण आहे. एकाच व्हॉल्व्हची फट सेट केली, शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ती पुन्हा वाढली, परत सेट केली, परत वाढली. म्हणजे खाली कॅम आणि टॅपेट झिजतायत, आणि त्या धातूचा भुगा तुमच्या नव्या बेअरिंगकडे निघालाय. रॉकर कव्हर काढून, इंजिन मंद चालू असताना पुशरॉड बघा. चांगल्या टॅपेटसोबत ते हळूहळू स्वतःभोवती फिरतात. एखादा फिरतच नसेल तर त्याच्या खालीच चोर आहे. दिलासा एवढाच की या इंजिनात मॅनिफोल्ड काढून बाजूची झाकणं उघडली की टॅपेट तिथूनच तपासता येतात. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही.

एक मोह टाळा. आवाज नको म्हणून फट कमी करून घेऊ नका. गाडी गप्प होईल, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटणार नाही आणि जळेल. ‘हे इंजिनच नको, दुसरं टाकू’ हाही विचार जपून करा. २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसावा, ही अट आहे.

सगळं ठीक निघालं तर पहिल्या ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये हेडचे नट पुन्हा तपासून घ्या. गॅस्केट दबून बसतं, नट आवळले की टॅपेटची फट कमी होते, म्हणून त्याच दिवशी आठही टॅपेट परत सेट करा. प्रत्येक व्हॉल्व्हचं माप तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वेळी टकटक आली तर मिस्त्रीकडे जाताना ती वही सोबत न्या.