पडदे शिवायचे की तयार घ्यायचे? आधी हिशेब मांडा

बेळगाव : सणासुदीला घराला रंग लागला की पाठोपाठ पडद्यांचा विषय निघतो. खडेबाजारात कापडाचा मीटरचा भाव ऐकला की शिवून घेणेच स्वस्त वाटते. पण त्यात शिलाई धरलेली नसते. तुलना करायची ती एका खिडकीच्या पूर्ण खर्चाची.

समजा, खिडकी 4 फूट रुंद आहे आणि पडदा 5 फूट उंच हवा. चुण्या नीट पडायला रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड लागते. 48 इंची पन्ह्याचे दोन पडदे, प्रत्येकी फूटभर दुमडीसाठी जादा, म्हणजे 12 फूट. जवळपास पावणेचार मीटर. मीटरला 120 रुपये धरले तर कापड 450 रुपयांचे. शिलाई पडद्याला 80 प्रमाणे 160. एकूण 610, रिंगा वेगळ्या. तशीच तयार जोडी 500 ला मिळत असेल, तर शिवण्यात 110 रुपये जास्तच जातात. घरी मशीन असेल तर मात्र 450 मध्ये भागते.

दुसरा मुद्दा मापाचा. तयार पडदे साधारण 5, 7 आणि 9 फुटी येतात. जुन्या घरात 6 फूट हवा असेल, तर 5 फुटी आखूड पडतो आणि 7 फुटी कापून घ्यायची मजुरी वर बसते. तिथे शिवलेला परवडू शकतो.

नवे सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते. साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीतून 6 फुटांचे तीन तुकडे निघतात. ऊन अडवायचे असेल तर अस्तराचा खर्च त्यात धरा.